बादलचा खांदा

ही हकीकत मी आजवर कोणाला सांगितली नाही. न सांगण्यासाठी मात्र बरंच काही केलं. पळस फुलायला लागला की अकोल्याला मुलीकडे जाऊन राहायचं, हे त्यातलंच एक. घरच्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला ऊन सोसत नाही. अकोल्याचं ऊन आमच्या गावापेक्षा कडक असतं, हे कोणाच्या ध्यानात आलं नसेल. किंवा आलं असेल आणि माझ्या वयाकडे पाहून कोणी बोललं नसेल. माणूस म्हातारा झाला की त्याचं खोटं लोक फारसं तपासत नाहीत.

यंदा गेलो नाही. मुलीचा फोन आला, तिला सांगितलं, यंदा पळस बघायचा आहे. ती हसली. पळस काय बघायचा असतो, बाबा?

आमचं गाव जानेफळच्या बाजूला. गावाच्या वरच्या अंगाला बरड आहे. बरड म्हणजे मुरमाड, खडकाळ चढ, जिथे वखर लागत नाही आणि गुरांशिवाय कोणाचं पोट भरत नाही. पावसाळ्यात चार दिवस हिरवा दिसतो, मग वर्षभर हाडासारखा. फक्त या दिवसांत त्याचं रूप पालटतं. पानं झडून गेलेले पळस असे काही पेटतात की सगळा चढ निखाऱ्यांचा दिसायला लागतो. आणि त्या निखाऱ्यांच्या माथ्यावर येशूची पांढरी मूर्ती उभी आहे, दोन्ही हात पसरून. उंच इतकी, की आमच्या शिवारात कुठंही उभं राहा, ती दिसते. पाठ केली तर दिसत नाही, पण पाठीला कळते.

लांबलांबून लोक येतात. जालन्याकडून, अकोल्याकडून, थेट नागपूरकडूनसुद्धा. गुड फ्रायडेला सकाळपासून रांग लागते. खांद्यावर लाकडाचा क्रूस घेतलेले पुरुष, अनवाणी बाया, कडेवरची मुलं. चढाच्या प्रत्येक वळणावर थांबून प्रार्थना करतात आणि पुढे जातात. गावातले लोक आता त्यांना उसाचा रस विकतात, मोटारसायकली लावायला जागा देतात. डोंगराला सगळेच येसूबाबाचा डोंगर म्हणतात, आणि त्यात कोणाला काही वेगळं वाटत नाही. पूर्वी वाटायचं. किती वाटायचं, तेच सांगायला बसलो आहे.

होळीच्या आधी आम्ही पळसाची फुलं तोडायला त्या बरडावर जायचो, मी आणि याकोब. तेव्हा मूर्ती नव्हती, ती कोणाच्या स्वप्नातही नव्हती. याकोबाच्या आजानं ख्रिस्ताचं नाव घेतलं होतं, त्यामुळे त्यांचं घर आणि आणखी काही घरं गावाच्या खालच्या टोकाला एका छोट्या प्रार्थनाघराभोवती होती. त्यांचे ते उपासाचे दिवस असायचे आणि आमची रंगाची घाई. पण फुलं दोघंही तोडायचो. माझी आई ती चुलीवर उकळायची, त्याचीही आई उकळायची. दुसऱ्या दिवशी शाळेत आमच्या दोघांचे तळवे सारखेच पिवळे. गुरुजी म्हणायचे, हे दोघं एका हंड्यातले. आम्ही एका हंड्यातले नव्हतो, हे आम्हाला माहीत होतं. पण गुरुजींनी म्हटलं की बरं वाटायचं.

मोठे झालो तसं मैत्रीचं सावडीत रूपांतर झालं. सावड म्हणजे आज तुझ्या शेतात माझे बैल, उद्या माझ्या शेतात तुझे. सगळं तोंडी. आमची जमीन बरीच, त्याची थोडी, तरी सावडीत जोडीला जोड धरायची असा रिवाज. त्या दिवसाचं जेवण ज्याचं शेत त्याच्या घरी. याकोब आमच्याकडे जेवायचा तो कोठ्यात, बैलांजवळ बसून. आई त्याला वरून वाढायची. "मले बैलापाशीच गोड लागते," तो म्हणायचा, आणि मी ते खरं मानायचो. मी त्याच्याकडे सावडीला जायचो तेव्हा घरून भाकरी बांधून न्यायचो. त्याची बायको चुलीसमोर बसून राहायची, आणि मी बांधावर माझी भाकरी सोडायचो. ती एकदा बांधावर येऊन म्हणाली, "भाऊ, वांग्याची भाजी केली होती." मी म्हटलं, "पोट भरलं." आज लिहिताना कळतं, ज्या दिवशी मी हळद कालवली, ते पुढे येईलच, तो पहिला दिवस नव्हताच. हात आधीपासून पिवळे होते.

याकोबासारखा धुरकरी मी दुसरा पाहिला नाही. बंडी हाकायला बसला की त्याच्या हातात तुतारी नसायची. आरीचा खिळा लावलेली ती काठी बाकीचे बैलाच्या मागच्या मांडीला टोचत. हा नुसता जिभेनं टकटक करायचा आणि कासरा सैल सोडायचा. माल भरून झाला की खाली उतरून, बंडीची धुरी, म्हणजे जू बांधायचा पुढचा दांडा, हातानं उचलून वजन पाही. बैलाच्या मानेवर किती येतं ते त्याला तळव्यात कळायचं. जरा जास्त वाटलं की पोतं उतरवायला लावी, मालक कितीही ओरडो. "तुले नेऊन दाखवू का मानेवर?" असं तो आमच्या काकांना एकदा म्हणाला होता. गावातले लोक गोऱ्हे शिकवायला त्याच्याकडे द्यायचे. पहिल्यांदा जू ठेवायचं तर याकोबाच्या हातानं, अशी पद्धतच पडली होती. आमच्या बादलच्या मानेवर पहिलं जू त्यानंच ठेवलेलं. बादल म्हणजे करडा, उंच, डोळ्यांभोवती काजळ असलेला बैल. याकोबाचा आवाज आला की चारा सोडून मान वर करायचा. माझ्या आवाजाला करायचा नाही.

मूर्तीची गोष्ट निघाली तेव्हा आम्ही दोघंही बापे होतो, लेकरांचे. बरडाचा माथा ख्रिस्ती लोकांकडे कसा आला ते मला नीट ठाऊक नाही. फादरनं सांगितलं, वर येशूची मोठी मूर्ती उभी करायची. धड वरच बांधलं. रेती, सिमेंट, सळया गाढवांवरून गेल्या, पाणी बायांनी डोक्यावरून नेलं. हात मात्र खाली प्रार्थनाघराच्या मागच्या छपरात घडवले, कारण कारागीर म्हणाला, बोटं वाऱ्यात घडत नाहीत. ते दोन हात गव्हांड्यावर, गव्हाच्या काडावर, निजवून ठेवलेले असत. एकेक हात माणसाहून लांब. मनगटातून सळया बाहेर आलेल्या. लेकरं तळव्यात बसून बोरं खायची. एकदा कोणी नसताना मीही उजव्या तळव्यात बसून पाहिलं. थंड होता, आणि अगदी माप घेऊन केल्यासारखा मावलो.

ते हात वर न्यायचे तर ट्रॅक्टर चढेना. मुरमावर चाकं नुसती फिरायची. तेव्हा याकोब म्हणाला, आपण बंडीनं नेऊ. पहिला, डावा हात नेताना खालच्या गावाहून त्याच्या सोयऱ्याची जोड आली होती. पुढे एक जोड, मागे एक जोड, असे चार बैल लावून हात सुखरूप वर गेला. सोयऱ्याला परत जायचं होतं. राहिला उजवा.

गहू निघालेला, हरभरा घरात आलेला, वखरणीला अजून अवकाश. बैल दावणीला बसून कुटार चघळतात, माणसं सावलीला बसून एकमेकांना. त्याच दिवसांत याकोब माझ्या खळ्यावर आला. डोक्यावरचा दुपट्टा काढून त्यानं तोंड पुसलं.

"वसंता, पुढं तुही जोड लागन गा. माहे दोघं एकटे नाही चढणार. वझं त्याईच्या मानेबाहेर हाय."

"मंग लागन तं लागन," मी म्हटलं. "येतो ना."

"बादल पुढं असला की लाल्याले हिंमत येते."

लाल्या आणि चांद्या हे त्याचे बैल. तो बादलशी काहीतरी बोलला, त्याच्या कानामागं खाजवलं आणि गेला. इतकं साधं होतं. सावडीत हो म्हणायला कोणी विचार करत नाही.

संध्याकाळी मी चहाच्या टपरीवर गेलो. तिथे गुलाबराव बसलेला. गुलाबराव हा माझा चुलतभाऊ, गावभर लोकांना हसवणारा.

"वसंता, म्हनते बादल-शेऱ्या आता येसूबाबाले वढत नेऊन राह्यले. मंग पोळ्याले शिंगाईले मेणबत्त्या लावजो बापा!"

टपरी हसली. शेऱ्या म्हणजे माझा दुसरा बैल.

"अन् बादलचं नाव काय ठेवता? बाप्तिस्मा तं होईनच त्याचा."

"मालकाचा संगंच उरकून टाका म्हना. पानी तेवढंच लागन!"

पुन्हा हसले. कोणी रागावलेलं नव्हतं. कोणी धमकी दिली नाही, वाळीत टाकण्याची भाषा केली नाही. तसं झालं असतं तर आज मला ही हकीकत वेगळ्या तऱ्हेनं सांगता आली असती. दहा जणांपुढे एकटा काय करणार, असं म्हणता आलं असतं. मी नुसत्या हसण्याला भ्यालो. आणि मीही हसलो.

"नाही बे," मी म्हटलं. "म्या कुठं हाव म्हनलं?"

चहा गोड होता. ते चांगलं आठवतं.

ठरल्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो. जवसाचं तेल कढईत ऊन केलं, वाटीत काढून त्यात हळद कालवली. बायको, कुसुम, पीठ मळत होती.

"कोनाले लागलं?"

"बादलचा खांदा आला."

"काल तं चांगला होता."

"रातून आला."

तिनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली पाहून मळू लागली. बैलाचा खांदा असा एका रात्रीत येत नाही. जू घासून घासून, वजन सोसून सोसून मानेमागचा उंचवटा सुजतो, गरम होतो; बोट लागलं तरी जनावर अंग आकसतं. आणि आमचे बैल तर गहू निघाल्यापासून बसून होते. शेतकऱ्याच्या बायकोला हे सांगायला लागत नाही. ती वाटी तिनं नंतर घासून फडताळात सगळ्यात मागे ठेवली. पुढे कुसुम वारली, तोवर तिनं त्या वाटीत काही कालवल्याचं मी पाहिलं नाही.

मी बादलच्या निरोगी खांद्यावर तो लेप थापला. पिवळाजर्द, दुरून दिसेल असा. बादलला वाटलं, लाड चालले आहेत. त्यानं डोळे मिटून घेतले.

याकोब धुतलेला सदरा घालून आला होता. दारातूनच त्याला खांदा दिसला. त्याचा चेहरा खरोखर पडला. मूर्तीसाठी नाही, बैलासाठी.

"अरे, काय झालं याले?"

"खांदा आला. रातूनच."

तो जवळ गेला. जिभेनं टकटक केली. बादलनं मान वळवून त्याच्या सदऱ्याला नाक लावलं. याकोबानं खांद्यावर हात ठेवला, मग बोटांनी दाबलं. आधी हळू. मग जरा जोर देऊन. मग चारी बाजूंनी. दुखऱ्या खांद्याचा बैल अशा वेळी लाथ घालतो, दावं तोडतो. बादल रवंथ करत उभा राहिला आणि त्याच्या हाताखाली अंग आणखी झुकवलं.

ज्याला धुरीचं वजन तळव्यात कळायचं, त्याला काय कळलं नसेल?

मी दावणीच्या खुंट्याकडे पाहत होतो. मग दाबताना विस्कटलेली हळद त्यानं बोटांनी नीट सारखी केली, जिथे कमी होती तिथे ओढून घेतली. हात सदऱ्याला पुसला नाही.

"हाव," तो म्हणाला. "दुखत असन त्याले. चार-दोन दिवस जू ठेवू नको."

"तू कसं करशीन मंग?"

"पाह्यतो. दुसरं कोनी येते का."

दुसरं कोणी आलं नाही. मी नाही म्हटल्यावर बाकीच्यांना नाही म्हणणं सोपं झालं. कोणाची जोड लग्नाला गेली होती, कोणाच्या बैलाला ताप होता. चढाच्या पायथ्याशी लोक जमलेले, बाया गाणी म्हणत होत्या, फादर उन्हात उभे. तो दिवस टळला असता तर बरं झालं असतं, हे आज सगळेच म्हणतात. पण त्याच्या माणसांपुढे तो काय सांगणार होता? वसंतानं हळद लावून ठेवली, हे? ते सोडून दुसरं काहीही करायला तो तयार होता, असं मला वाटतं.

मी खळ्यावर होतो. हातात काही काम नव्हतं, म्हणून गव्हांडा या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सारत होतो. गाणं वर वर जात असलेलं ऐकू येत होतं. पळसांमधून बंडी मधूनच दिसायची, त्यावर तो मोठा पांढरा तळवा आभाळाकडे उघडा. लोक मागून रेटत होते. अवघड वळणावर गाणं थांबलं. मग ओरडणं. मग एक आवाज, जो कोरड्या लाकडाचा होता की हाडाचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

लाल्या गुडघ्यावर आला होता. बंडी मागे सरकायला लागली. रेटणारे बाजूला पळाले, आणि याकोबही उडी मारून बाजूला होऊ शकत होता. पण लाल्याच्या गळ्याला जोतं, जुवाचा पट्टा, आवळत होतं, म्हणून ते सोडवायला तो आत शिरला. जोतं सुटलं. चाक त्याच्या पायावरून गेलं. मूर्तीचा हात घरंगळून दगडावर आपटला आणि मनगटाशी तडकला. लाल्याचा पुढचा पाय मोडला होता. तो पुन्हा उठला नाही.

मी खळ्यावरच उभा होतो. धावलो नाही. धावणाऱ्या माणसाला कोणी विचारलं असतं, तू वर का नव्हतास?

मेहकरच्या दवाखान्यात मी केळी घेऊन गेलो. वाटेत वाक्य तयार केलं होतं. याकोब पाय प्लास्टरमध्ये बांधून पडला होता, डोळे छताकडे. मला पाहून म्हणाला, "बादल कसा हाय?"

मी म्हटलं, "उतरला खांदा."

तयार केलेलं वाक्य तसंच परत आणलं.

आता जे सांगायचं आहे ते या सगळ्याहून वाईट आहे. गावानं निकाल दिला. एका जोडीवर एवढं वझं घालते का कोनी? येसूबाबाच्या नादात याकोबानं बैल मारला. ज्या माणसानं आयुष्यात तुतारी धरली नाही, त्याच्याबद्दल हे बोलणं टपरीवर, पारावर, जानेफळच्या बाजारात फिरलं. आणि टपरीवर कोणीतरी मला विचारलं, "तुही जोड नेनार होता ना तो?" तेव्हा सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "म्या त्याले सांगतलं होतं, बादलचा खांदा उतरू दे, दोन दिवस थांब. नाही ऐकलं त्यानं."

हे मी कधीच म्हटलं नव्हतं. हे वाक्य माझं आहे, टपरीवर बनवलेलं. गावात आजही कोणी याकोबाचा विषय काढला तर हेच वाक्य निघतं: वसंतानं सांगतलं होतं, नाही ऐकलं.

त्यानंतर त्याला सावडीला कोणी बोलावलं नाही. गोऱ्हे शिकवायला कोणी दिले नाहीत. चांद्या एकटा किती दिवस ठेवणार, तोही विकला. मग याकोब डोंगरावरच काम करायला लागला. झाडांना पाणी घालायचा, पायऱ्या झाडायचा. लंगडत रोज चढायचा आणि उतरायचा. वखर हाकताना मला दिसायचा. पांढऱ्या मूर्तीखाली एक हलणारा ठिपका, जो एका बाजूला झुकून चालतो.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. डोणगावच्या बाजारात एकदा आम्ही एका झाडाखाली बसलो, तो पेरू खात होता, अर्धा त्यानं मला दिला. मी म्हटलं, "याकोबा, त्या दिवशी..." तो म्हणाला, "पेरूत मीठ पाह्यजे होतं, नाही?" मी म्हटलं, हाव. पावसाच्या गोष्टी निघाल्या. त्याच्या मुलीच्या, मार्थाच्या, लग्नात गेलो, जेवलो, त्यांच्या पंगतीत त्यांच्या घरचं, पहिल्यांदा. याकोब स्वतः वाढायला आला. "भाजी घे वसंता, वांग्याची हाय." मला त्या बांधावरची त्याची बायको आठवली, आणि घास फिरत राहिला. बोलायचं राहून गेलं. बादल म्हातारा होऊन गेला, तेव्हा शेतात खड्डा खणून पुरला. निरोप न धाडता याकोब आला, काठी टेकत. बादलवर मीठ टाकायला वाकला, आणि आधी त्याच्या खांद्यावरून हात फिरवला. मी आणि तो, मध्ये बादल. तेव्हा बोलायला हवं होतं. आजूबाजूला माणसं होती, असं मी स्वतःला सांगितलं. एक गडी होता, आणि तो खड्ड्यात उतरलेला होता.

गेल्या पावसाळ्यात याकोब गेला. मी मातीला गेलो नाही, मला ताप होता. खरोखर होता. पण माझ्या तापावर माझाच विश्वास बसला नाही.

म्हणून यंदा गुड फ्रायडेला मी डोंगर चढलो. आता वर सिमेंटचा रस्ता आहे, कठडे आहेत, सावलीला पत्रे आहेत. ते अवघड वळण फोडून रुंद केलं आहे. तिथे एक बाई टरबुजाच्या फोडी विकत होती. पळसाची फुलं रस्त्यावर पडून चपलांखाली चिकटत होती. माझ्या पुढे एक म्हातारी प्रत्येक थांब्यावर गुडघे टेकत होती. उठताना तिला मी हात दिला, आणि तिनं प्रभू तुमचं भलं करो म्हटलं. मला ते ऐकवेना.

माथ्यावर पोचलो आणि मान वर केली. इतक्या वर्षांत इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. चेहरा नीट दिसला नाही, सूर्य मागे होता. उजवा हात दिसला. मनगटाभोवती सांधा आहे. रंग देतात, तरी तो वेगळा कळतो, जखम भरल्यावर राहते तशी कड. लोक फोटो काढत होते. सांध्याकडे कोणी पाहत नव्हतं.

"काका? वसंताकाका ना तुमी?"

मार्था होती. अंगणवाडीत काम करते, आता तिचेही केस पिकले. ती मला हाताला धरून तिच्या बायकांमध्ये घेऊन गेली. "हे बाबाचे सावडीवाले," तिनं सांगितलं. "बाबा लय सांगे यांच्याबद्दल." एकीनं मला बसायला खुर्ची दिली, दुसरीनं सरबत. मी खुर्चीत बसलो. तशी खुर्ची मी त्याच्यासाठी कधी टाकली नव्हती.

मग बाकीच्या जरा पांगल्यावर मार्था माझ्याजवळ खाली बसली. आवाज उतरवून म्हणाली, "काका, एक इचारू? गाव म्हनते, बाबानं हट्टानं एका जोडीवर हात नेला. तुमी थांब म्हनलं तरी नाही ऐकलं. आता माह्या पोराले बी शाळेत कोनी बोललं, तुहा आजा बैल मारे. बाबाले इचारलं तं ते एवढंच म्हने, बादलचा खांदा आला होता, नाहीतर वसंता आला असता. दुसरं काही सांगतलं नाही त्याईनं. तुमी तं होते. खरं काय होतं?"

म्हणजे त्यानं घरीही सांगितलं नव्हतं. स्वतःच्या लेकीपुढे, स्वतःच्या नावाला लागलेला डाग पुसता आला असता, तरी माझी हळद त्यानं तशीच सारखी करून ठेवली होती. शेवटपर्यंत.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. मार्था वाट पाहत होती, तिच्या बापासारखीच, मान एका बाजूला करून. मी म्हणालो, "तुह्या बाबानं कोन्या जनावराले कधी तरास नाही देल्ला."

"हे मले माहीत हाय, काका," ती म्हणाली.

भोंग्यावर प्रार्थना सुरू झाली. ती उठली, पदर डोक्यावर घेतला आणि गर्दीत गेली. जाताना माझा रिकामा पेला घेऊन गेली.

म्हणून हे लिहिलं. मार्था, तुझ्या पोराला वाचून दाखव. शाळेत जो बोलला त्यालाही दाखव. मी थांब म्हणालो नव्हतो. मी येतो म्हणालो होतो. तुझ्या बाबाला वझं किती ते माहीत होतं, म्हणूनच तो माझ्याकडे आला होता. गुलाबराव आता नाही, टपरीही नाही, पण त्या बाकावर बसलेले दोघं-तिघं अजून आहेत, त्यांनीही वाचावं.

पण याकोबाला हे वाचता येणार नाही. त्याला जे सांगायचं ते मला त्याच्याजवळच सांगायचं होतं. उतरताना मी पायथ्याच्या दफनभूमीकडे वळलो. लोखंडी फाटक आहे, कडी नुसती लावलेली होती. आत थोड्या कबरी, पांढऱ्या चुन्याच्या, त्यांवर पळसाची फुलं उडून पडलेली. त्याची कोणती ते लांबूनच कळलं. माती अजून बसलेली नव्हती. मी कडीवर हात ठेवला. दुपार होती, लोखंड तापलेलं. आत जायला कोणी अडवत नव्हतं.

एक नवरा-बायको पाण्याची बाटली आणि झेंडूचा हार घेऊन आले. "कोनाकडे आले, आजोबा?" त्यानं विचारलं.

"कोनाकडे नाही," मी म्हणालो. "सावलीले उभा राह्यलो जरासा."

तिथे सावली नव्हती. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, कडी काढली आणि ते दोघं आत गेले. माझ्यासाठी फाटक उघडंच ठेवलं. मी घराकडे चालू लागलो. दवाखान्याच्या वाटेवर तयार केलेलं, बाजारातल्या झाडाखाली अर्धं राहिलेलं, बादलच्या खड्ड्याशी गिळलेलं ते वाक्य तोंडात तसंच होतं. फार मोठं नाही. याकोबा, बादलच्या खांद्याले काही झालं नव्हतं गा. मले माफ कर.